पाणी वर ओतणारी बाई

३ फेब्रुवारी

दादाची सगळी पदकं खोटी निघाली. एकशे बारा. त्यात एकही खरं नाही.

संग्रहालयातले पदकांचे जाणकार आज घरी येऊन गेले. बारीक चणीचा माणूस, वरचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले. भिंग डोळ्याला लावून दोन तास बसले. तिसऱ्या खणाला त्यांनी चहा नको म्हटलं, तेव्हाच मला शंका आली. शेवटी भिंग खिशात घातलं आणि वहिनींना म्हणाले, "ताई, या नकला आहेत. चांगल्या आहेत, मनापासून केलेल्या आहेत, पण नकला आहेत." चौतीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढलेल्या बाईला वाईट बातमी कशी देतात ते पाठ असतं. वहिनींनी त्यांनाच पाणी आणून दिलं.

मी वहिनींकडे बघायचं टाळत होते. दादा जाऊन दीड वर्ष झालं. तीस वर्षं तो एकाच दुकानदाराकडून पदकं आणायचा. कुठे पूल बांधला, कुठे साथ आटोक्यात आली, कुठे बोट पाण्यात सोडली, कुठे कोंबड्यांच्या प्रदर्शनात पहिला नंबर आला, म्हणून शे-दीडशे वर्षांपूर्वी कुणी कुणाला दिलेली. त्यांच्यासाठी त्याने कपाट करून घेतलं होतं, खणांना आतून मखमल लावली होती.

जाणकार जिना उतरले आणि वहिनी हसायला लागल्या. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. "अगं धाकटे, तीस वर्षं हा माणूस मला सांगत होता, हात लावू नकोस, घामाने खराब होतात! आणि मी आपली बाहेरून कपाट पुसतेय!" हसता हसता त्या रडायला लागल्या, मग मीही. मग आम्ही दोघींनी एकेक पदक हातात घेऊन मनसोक्त चिवडलं.

६ फेब्रुवारी

भाचीचा, म्हणजे वहिनींच्या लेकीचा, फोन आला होता. दुसऱ्या शहरात तिने नवीन घर घेतलंय, त्यात वहिनींसाठी एक खोली. मार्चअखेर ती गाडी घेऊन येणार, आईला आणि आईच्या सामानाला घेऊन जाणार. पडदे कुठल्या रंगाचे लावू, म्हणून विचारत होती. फोन स्पीकरवर होता. "आई, तू तिथे एकटी किती दिवस राहणार?" असं म्हणाली. मी फोनपासून दोन हातांवर बटाटे सोलत होते.

तिचं काही चुकलं नाही. मुलीने आईला न्यायचं नाही तर कुणी न्यायचं? या घरात आता आम्ही दोघीच. वहिनी एकसष्ट, मी बावन्न. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं लिहायला ही वही पुरायची नाही आणि वाचायला कुणी बसलेलं नाही. एकोणतीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये कवळ्या, कॅप, ब्रिज बनवले. डिसेंबरात लॅब बंद पडली. आता म्हणे यंत्र तोंडात कॅमेरा घालतं आणि दुपारपर्यंत दात कोरून देतं. मला निरोपाला फुलदाणी दिली. फुलं आपली आपण आणायची.

वहिनी फोन ठेवून म्हणाल्या, "पडदे पिवळे म्हटलंय. तुला कसे वाटतात?"

मी म्हटलं, "राहणार तुम्ही, मला काय विचारता?"

मग त्यांनी भांडी जरा जोरातच घासली. वयाने हाताचा अंदाज जातो माणसाचा.

१० फेब्रुवारी

वहिनींनी आज अचाट प्रकार केला. कोंबडीच्या पदकाला कडी होतीच. त्यात बुटाची नाडी ओवून, ते गळ्यात घालून त्या बाजारात गेल्या. मी बरोबर होते, चार पावलं मागे. पाववाल्याच्या बायकोने हातातला पाव तसाच ठेवला आणि विचारलं, "हे कुठे मिळालं?" औषधाच्या दुकानातल्या मुलीने तर हात लावून बघितलं. एकाच फेरीत चौघींनी विचारलं.

घरी येऊन वहिनी म्हणाल्या, "तू दातांचे साचे करतेस. याचा होणार नाही?"

होणार नाही कशाला? साचा, मेण, प्लास्टर, ओतकाम, दाताला काय आणि कोंबडीला काय, सगळं एकच. उलट कोंबडी तोंड वाकडं करून 'टोचतंय' म्हणत नाही. पण मी म्हटलं, "बघू." कारण मला कळलं, वहिनींना जाईपर्यंतचे दिवस काढायला काहीतरी हवंय. त्यांचं मन रमावं म्हणून मी करेन. मला स्वतःला त्याची काही गरज नाही, माझं उत्तम चाललंय.

(आज सकाळी मी साडेआठपर्यंत पलंगावरच होते, हे इथे लिहून ठेवते. वहिनी तीन वेळा हाक मारून गेल्या.)

१७ फेब्रुवारी

पहिली कोंबडी ओतली. चोच आली नाही.

दुसरी ओतली. चोच आली, पाय गेले.

तिसरी अशी आली की पिसन् पीस मोजून घ्यावं. लॅब बंद होताना लहान भट्टी कुणी घेत नव्हतं म्हणून मी घरी आणली होती. ती मागच्या खोलीत खिडकीपाशी बसवलीय. वहिनी घासकाम करतात. नर्सचा हात, घाई नाही, कंटाळा नाही. कोंबडी घासताना तिच्याशी बोलतात. "झालं हं, झालं, एवढं मानेमागचं राहिलं." मला हसू आवरेना. बरं वाटलं आज. का ते माहीत नाही, पण बरं वाटलं.

प्रत्येक नगाच्या कडेवर 'नक्कल' हा शिक्का मारायचा, असं त्या जाणकारांनी बजावून सांगितलंय, म्हणजे पुढे कुणी खरं म्हणून खपवायला नको. वहिनी म्हणाल्या, "तुझ्या दादाच्या दुकानदाराच्या कपाळावर मारायला हवा होता हा." मग थोड्या वेळाने, "पण त्याने इतकी वर्षं तुझ्या दादाला किती खूश ठेवलं गं."

२३ फेब्रुवारी

संग्रहालयातल्या दुकानाच्या बाईंना कोंबडी दाखवायला गेलो होतो. जाणकारांनीच शब्द टाकला होता. बाई उंच, सगळे दात स्वतःचे, बोलणं तुटक. त्यांनी कोंबडी बघितली, बोट बघितली, पूल बघितला आणि शेवटी साथीचं पदक उचललं. पुढच्या बाजूला कंदील आणि साथीचं साल. मागे पलंगावर रोगी, आणि त्याच्या पेल्यात सुरईतून पाणी ओतणारी बाई.

"हे," त्या म्हणाल्या. "साठ नग. आमचं नवीन दालन एप्रिलमध्ये उघडतंय, जुन्या साथींवर. पण इतकं जड नको. मानेला रग लागेल."

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. साठ! वहिनी म्हणाल्या, "ऊठ, लोक बघतायत." पण त्यांचाही हात माझ्या खांद्यावरून निघत नव्हता.

हलकं करायचं म्हणजे पुढची बाजू वेगळी पातळ ओतायची, मागची वेगळी, आणि दोन्ही पाठीला पाठ लावून कडेने डाग देऊन, म्हणजे धातू वितळवून, जोडायच्या. करता येईल. वीस मार्चपर्यंत संपवायचं, म्हणजे वहिनींना जायच्या आधी ते बघायला मिळेल.

१ मार्च

वहिनी आज मधल्या सुटीत, म्हणजे चहाच्या वेळी, कानस खाली ठेवून म्हणाल्या, "तुला काय वाटतं, जाऊ का मी?"

मी असल्या प्रश्नाची वाटच बघत होते. त्यांना मागे अडकल्यासारखं वाटतंय, परवानगी हवीय. त्या पडल्या भिडस्त. मी लगेच म्हटलं, "जायलाच हवं. तुमची मुलगी आहे. माझी काळजी करायचं काहीच कारण नाही, मी मजेत राहीन."

"मजेत," वहिनी म्हणाल्या.

"अगदी."

मला वाटतं मी छान सांभाळून घेतलं. माझा आवाजही हलला नाही. नंतर मागच्या खोलीत जाऊन मी एकाच मेणाच्या बाईचं नाक चार वेळा दुरुस्त केलं, चारही वेळा बिघडवलं.

४ मार्च

वहिनी बॅग भरायला बसल्या. भरतात काय, काढतात काय. तीन दिवस झाले, तेच चार स्वेटर. मी म्हटलं, मी भरून देऊ? तर म्हणाल्या, "फार घाई झालीय का तुला?" आता मदत करायला जावं तर हे असं.

८ मार्च

साथीच्या पदकाचा पहिला नग आज पूर्ण झाला. फार सुरेख झालाय, माझं मीच म्हणते. डाग कुठे दिलाय ते शोधून सापडत नाही. पुढून बघितलं, उलटून मागून बघितलं, कंदील सरळ, बाई सरळ, पाण्याची धार केसासारखी बारीक.

पहिला नग वहिनींचा, हे मी मनात आधीच ठरवलं होतं. साखळी घालून त्यांच्या गळ्यात घातला. त्यांनी आरशात बघितलं. मग बोटांनी तो फिरवून मागची बाजू पुढे आणली, मान खाली घातली, नग खालून उचलून डोळ्यांशी धरला, आणि तशाच उभ्या राहिल्या. किती वेळ तरी. मी विचारलं, "ओरखडा आहे का?" त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. डोळे भरले होते. डाग देतानाचा धूर अजून खोलीत होता. मी खिडकी उघडली.

"धाकटे," त्या म्हणाल्या, "तू काही बोलत नाहीस, पण सगळं असतं तुझ्या लक्षात."

कशाबद्दल ते कळलं नाही, पण कौतुक होतं एवढं कळलं. मी म्हटलं, "अहो, त्यात काय एवढं."

मग त्या आपल्या खोलीत गेल्या, दार लावलं आणि भाचीला फोन केला. बराच वेळ बोलत होत्या. गाडीचा दिवस पक्का केला असणार.

१२ मार्च

भाचीने आज मला फोन केला, वहिनींना नाही. "आत्या, तू आईला काय सांगितलंस गं?"

मी म्हटलं, "काही नाही. वीस तारखेला काम संपेल, मग ती मोकळी. मी अजिबात अडवत नाही तिला. उलट रोज सांगते, जा म्हणून."

मग ती म्हणाली, "तुम्ही दोघी एकमेकींशी बोलता तरी का?"

काय प्रश्न आहे! रोज बोलतो. काल कांदे कुठे ठेवायचे यावरून पाऊण तास बोललो.

फोनचं मी वहिनींना सांगितलं. वर हेही म्हटलं की माझ्यामुळे तुम्हाला उशीर होतोय असं लेकीला वाटू देऊ नका, हवं तर आधी जा, राहिलेलं मी करते. त्यांच्या हातात चोविसावा नग होता. तो घासायचा त्या थांबल्या नाहीत, पण त्याच्याशी बोलायच्या मात्र थांबल्या.

१८ मार्च

साठ झाले. दोन दिवस आधीच. डब्यात कापूस घालून मी स्वतः दुकानात पोचवून आले.

घरी परत आले तर मागची खोली अगदीच नीटनेटकी. वहिनींनी कानशी पुसून ओळीने लावलेल्या, टेबल झाडलेलं. मी तिथे स्टुलावर बसून राहिले. जेमतेम दहा-बारा दिवस राहिले आता. मी असं ठरवलंय की शेवटच्या दिवशी रडायचं नाही. रडायचं तर त्या गेल्यावर. रडायला वेळच वेळ असेल.

२० मार्च

हसू की रडू?

दुकानाच्या बाईंनी सकाळीच बोलावून घेतलं. टेबलावर डबा उघडा. त्यांनी एक नग साखळीने बोटावर लटकवला. कंदील झकास. मग नखाने टिचकी मारून तो गर्रकन फिरवला. मागची बाई समोर आली. डोक्यावर उभी. सुरईतलं पाणी वर ओततेय आणि रोगी छताला चिकटलाय.

"साठच्या साठ," बाई म्हणाल्या.

मी नग हातात घेतला, उलटला. माझ्या हातात बाई सरळ! बाईंनी माझ्याकडून घेतला, उलटला. त्यांच्या हातात उलटी. दोघी दोन मिनिटं तेच करत होतो. मग मला उमगलं. एकोणतीस वर्षं मी जबडे बघितले. जबडा उघडतो खालून वर. डब्याचं झाकण उघडावं तशी मी वस्तू उलटते, पुस्तकाचं पान उलटावं तशी नाही. माझ्या पद्धतीने उलटलं की सगळं सरळ. पण साखळीला लटकलेली वस्तू बाजूने फिरते. हे सहा वर्षांच्या पोराला कळेल. मी मात्र साठ वेळा तपासलं आणि साठही वेळा स्वतःची पाठ थोपटून घेतली.

"दुरुस्त करते," मी म्हटलं. डबा घेऊन चालत घरी आले. बसमध्ये बसायचंसुद्धा तोंड राहिलं नव्हतं.

२१ मार्च

काल दिवसभर वहिनी कामात आहेत असं धरून मी गप्प राहिले. आज सकाळी चहाबरोबर सांगून टाकलं. "वहिनी, घोटाळा झाला. मागची बाजू उलटी बसलीय. सगळ्यांची."

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाल्या.

"कधीपासून?"

"आठ तारखेपासून."

"मग बोलला नाहीत?"

"बोलायचं काय त्यात? तू मुद्दाम केलंयस असं वाटलं मला." त्यांनी गळ्यातला नग फिरवला, मान खाली घालून उचलून धरला. "हे बघ. समोरच्याला उलटी दिसते. पण मी उचलून बघितली की मला सरळ दिसते. माझं घड्याळ नव्हतं का तसं?"

नर्सचं घड्याळ. छातीवर पिन लावून उलटं लटकवलेलं, रोग्याचा हात हातात असताना मान खाली घालून वेळ बघता यावी म्हणून. वहिनी या घरात आल्या तेव्हा मी अठरा वर्षांची होते, आणि पहिल्याच दिवशी शहाणपणा करून त्यांना सांगितलं होतं की तुमचं घड्याळ उलटं लागलंय. वहिनींनीच आत्ता आठवण करून दिली. मी साफ विसरले होते.

"मला वाटलं, तू ते लक्षात ठेवलंस," त्या म्हणाल्या. "म्हटलं, हिच्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून हिने हे करून दिलं."

इथे मी हो म्हणू शकले असते. मनात आलंही. एक 'हो', आणि त्या जन्मभर ते उराशी धरून बसल्या असत्या. पण दादाशी त्या दुकानदाराने तीस वर्षं हेच केलं होतं. वहिनींशी मी नाही करू शकत.

"नाही वहिनी. चूक झाली. मी जबड्यासारखं उलटून बघत राहिले."

"बरं," वहिनी म्हणाल्या. कप विसळला. मग कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या. कपडे आम्ही काल संध्याकाळीच खाली आणले होते.

२२ मार्च

वहिनींनी भाचीला फोन केला, या वेळी दार उघडं ठेवून. "हो, ये अठ्ठावीसला. गाडी घेऊन ये. हो गं, आता पक्कं."

म्हणजे इतके दिवस पक्कं नव्हतं? मला काही कळेनासं झालंय. मी तीन नगांचे डाग सोडवले. चौथ्याला बोट भाजलं. वहिनींनी बोट पाण्याखाली धरलं, मलम लावलं, पट्टी बांधली. पट्टी इतकी व्यवस्थित बांधली होती की मला भडभडून आलं.

२४ मार्च

वहिनी म्हणाल्या, "बाकीचे सोडवू नकोस. डबा घे, चल."

संग्रहालयाच्या दुकानात त्यांनी त्या उंच बाईंच्या गळ्यात स्वतः साखळी घातली, एखाद्या रोग्याला थर्मामीटर लावावा तशी, 'घालू का' वगैरे न विचारता. "फिरवा. आता खालून उचला. दिसली?" बाईंनी मान खाली घातली. त्यांचा ताठ चेहरा हळूहळू सैल पडला. "मला बघून सरळ होते," त्या म्हणाल्या.

"मग? पुढची बाजू समोरच्यासाठी, मागची घालणारीसाठी. दवाखान्यात घड्याळं अशीच असतात. साथीच्या दालनात तुम्हाला याहून योग्य काय मिळणार?"

बाईंनी ते 'समोरच्यासाठी, घालणारीसाठी' वाक्य तिथल्या तिथे कार्डावर लिहून घेतलं. सगळे ठेवून घेतले, मी सोडवलेले तीन तसेच जोडून द्यायला सांगितले, वर आणखी चाळीस मागितले. कोंबडीचं काय करता येईल, तेही विचारलं.

परत येताना मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही वाचवलंत मला."

"हो, म्हटलं जायच्या आधी तुझं मार्गी लावून द्यावं," वहिनी म्हणाल्या, आणि रस्ताभर दुकानांच्या पाट्या वाचत चालल्या.

मला आनंद व्हायला हवा होता. काम आहे, नाव झालंय. मागच्या खोलीत येऊन भट्टीपुढे बसले आणि लक्षात आलं की हे सगळं दाखवायला मला एकच माणूस हवंय, आणि मीच त्याला रोज जा जा म्हणतेय. त्यांचं मन रमावं म्हणून केलं म्हणे! सकाळी पलंगावरून उठत कोण नव्हतं?

पण आता काय उपयोग? पडदेसुद्धा लागलेत तिथे.

२८ मार्च

नीट लिहिते, एकही शब्द गळायला नको.

भाची सकाळी दहाला आली. गाडीवाला खाली थांबला. दोन बॅगा, शिवणयंत्र आणि वहिनींची आरामखुर्ची खाली गेली. मी ठरवल्याप्रमाणे खंबीर होते. औषधांची यादी भाचीला वाचून दाखवली, रक्तदाबाची गोळी जेवणाआधी, कॅल्शियमची नंतर. वहिनींनी दारात बूट चढवले, नाड्या बांधल्या, उभ्या राहिल्या.

"आणखी काही?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"बघ हं."

"गोळ्या वेळेवर घ्या."

त्यांनी मान हलवली आणि एक पायरी उतरल्या. कठड्यावर त्यांचा हात होता. घासकामाने बोटं काळी पडलेली, नखांतली काळी रेघ इतकं घासूनही गेलेली नाही. मी तो हात बघितला आणि माझ्या तोंडातून निघालं, "वहिनी, जाऊ नका."

त्या थांबल्या. वळल्या नाहीत. "का?"

"ते चाळीस नग..."

"तुला येतात करायला. का?"

"घर फार मोठं आहे एकटीला."

"भाडेकरू ठेव. का?"

भाची काहीतरी बोलायला गेली. वहिनींनी तिच्याकडे न बघता हाताने तिला गप्प केलं. नर्सच ती.

मग मला धरवेना. नाक, डोळे, सगळं एकदम वाहायला लागलं. मी म्हटलं, "मला तुमच्याशिवाय राहायचं नाही. मजेत वगैरे मी काही राहणार नाही, ते खोटं होतं. मला सकाळी तुम्ही हाक मारल्याशिवाय उठावंसं वाटत नाही. मला माहीत आहे तुमची मुलगी आहे, मी कोण, नवऱ्याची बहीण, माझा हक्क नाही. तरी मागते. जाऊ नका."

खालून गाडीवाल्याने एकदा हॉर्न दिला.

वहिनी एक पायरी वर आल्या. दाराशी बूट घालायचं बुटकं स्टूल आहे, त्यावर बसल्या आणि नाड्या सोडायला लागल्या. "चौतीस वर्षं," त्या नाडीकडे बघून म्हणाल्या. त्यांचाही आवाज ताळ्यावर नव्हता. "चौतीस वर्षांत या बाईने माझ्याकडे एक गोष्ट मागितली नाही. जेवताना मीठसुद्धा स्वतः उठून घेते. मी आपली वाट बघतेय, आज मागेल, उद्या मागेल. आणि ही मला गोळ्यांच्या वेळा सांगते."

"तुम्ही तरी सांगायचं," मी म्हटलं.

"मी विचारलं नव्हतं? चहाच्या वेळी? जाऊ का म्हणून? त्याला 'जायलाच हवं' असं उत्तर असतं का गं, गाढवे?"

भाची जिन्यात बसली होती. "आई आठ तारखेला मला म्हणाली, मी येत नाही, धाकटीला मी हवीय," ती म्हणाली. "मग बावीसला म्हणाली, ये. मला वाटलं तुमचं भांडण झालं. आत्या, मी तुला फोन केला होता गं." मग तिनेही रडून घेतलं, आणि नंतर रागावून हसली. "मी एवढी गाडी घेऊन आले, आता ती रिकामी नेऊ?"

"तो तपकिरी सोफा ने," वहिनी आणि मी एकदमच म्हणालो. पंधरा वर्षं तो आम्हा दोघींनाही आवडत नव्हता, हेही आजच कळलं.

आरामखुर्ची वर आली, सोफा खाली गेला. भाची दोन दिवस राहून जाणार आहे, आणि उन्हाळ्यात वहिनी महिनाभर तिच्याकडे जाणार, पिवळ्या पडद्यांच्या खोलीत. परतीचा दिवस मी कॅलेंडरवर वहिनींसमोर लिहिला.

२९ मार्च

सकाळी सातला वहिनींनी हाक मारली. मी सहापासून जागी होते. गप्प पडून राहिले. त्यांनी दुसऱ्यांदा हाक मारली, मग तिसऱ्यांदा दारात येऊन, नेहमीसारखी चिडून. तेव्हा उठले.